जोडाला भिणारा प्लंबर

आमच्या यांना हेडमास्तरीणबाईंच्या ओट्याखालून ओढून काढायला दोन धडधाकट माणसं आणि भांड्यांच्या साबणाची अर्धी बाटली लागली, त्याच दिवशी ऑपरेशनचा विषय आमच्या घरात शिरला.

हे प्लंबर आहेत. सव्वीस वर्षं झाली या कामाला. वजन तेव्हा एकशे अडतीस किलो. दोन्ही गोष्टी एका माणसात बसत नाहीत हे मी दहा वर्षं सांगत होते, पण बायकोने सांगितलेलं ऐकलं तर नवरा कसला! हेडमास्तरीणबाई निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी त्यांच्या बोलण्यातली छडी गेलेली नाही. त्या ओट्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "मिस्त्री, आत कसे गेलात ते आठवा आणि तसेच उलटे या."

आतून आवाज आला, "श्वास सोडून गेलो होतो, बाई."

"मग सोडा."

"सोडलाय. आता उरलाच नाही."

मला फोन करून बोलावलं गेलं. मी पोचले तेव्हा ओट्याखालून फक्त दोन पाय दिसत होते. एका मोज्याला भोक होतं आणि मला त्याचीच जास्त लाज वाटली. असो. निघाले बाहेर. वर पाण्याचा एक पाइप निखळला तो वेगळाच.

त्यानंतर ओट्याखाली मी जायला लागले. मी चणीने बारीक, मावते कुठेही. हे स्टुलावर बसायचे, हातात बॅटरी, आणि तोंड चालू. "डावीकडे फिरव. अगं डावीकडे! तुझं डावं नव्हे, नळाचं डावं!" नळाला स्वतःचं डावं-उजवं असतं हे मला लग्नानंतर बावीस वर्षांनी कळलं. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायची, मग यांच्याकडे बघायची आणि काही बोलायची नाहीत. त्या न बोलण्याने हे आतून खचत होते. दाखवायचे नाहीत, पण घरी आल्यावर हत्यारांची पिशवी पूर्वी कशी दाणकन टाकायचे, ती आता हळूच ठेवायचे.

आणि खुर्ची. खुर्चीचं सांगितलं नाही तर पुढचं काही कळणार नाही. आमच्या हॉलमध्ये एक मोठी हातांची खुर्ची आहे, तिच्यावर तीन उशा. हे त्या खुर्चीत बसून झोपायचे. आडवं झालं की पाच मिनिटांत आंबट पाणी घशाशी यायचं, ठसका लागायचा, डोळे पांढरे व्हायचे. पाहुण्यांनी विचारलं तर उत्तर ठरलेलं: "इथे हवा चांगली येते." हवा कसली, तिथे खिडकीच नाही! दोन वर्षं चार महिने एवढा मोठा पलंग मला एकटीला होता. पहिला आठवडा मी हातपाय पसरून राणीसारखी झोपले. घोरणं नाही, पांघरुणाची ओढाओढ नाही. मग मात्र तो पलंग मला खायला उठला. बाहेर घोरणं थांबलं की मी उठून बघून यायचे, माणूस आहे ना. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, "उगाच कशाला उठतेस, मी काय पळून जातोय?"

आमची लेक चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. लोकांना नीट दिसावं हा तिचा धंदाच, तेव्हा बापाकडे डोळेझाक करणं तिला जमलं नाही. तिने वजनाच्या ऑपरेशनसाठी एका सर्जनबाईंकडे परस्पर नंबर लावला आणि तारीख, वेळ सांगून मोकळी झाली.

बसथांब्यावर यांनी मला तंबी दिली. "तिथे तू काही बोलायचं नाहीस. पेशंट मी आहे."

"बरं," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प बसायचं कबूल केलं, आणि नेमकी तीच चूक झाली.

सर्जनबाई वयाने तरुण, उंचीने माझ्या खांद्याएवढ्या. त्यांनी वजन-उंची-शुगर सगळं बघितलं. हे मात्र त्यांच्या हातांकडेच बघत होते. मला कोपराने ढोसून कुजबुजले, "हात बघ कसे आहेत. सिंकखालच्या कुठल्याही वाकड्या ट्रॅपमध्ये सहज जातील." प्लंबरच्या तोंडून याहून मोठं कौतुक निघत नाही.

बाईंनी कागद घेतला आणि पोटाचं चित्र काढलं. जठर, खाली आतडं. हे खुर्ची ओढून पुढे सरकले. चित्रात पाइप दिसल्यावर यांना चैन कसली पडते!

पहिला प्रकार म्हणजे फुगा. पोटात फुगा सोडायचा, पाणी भरायचं, सहा महिन्यांनी काढायचा. "म्हणजे गळतीवर चिंधी बांधल्यासारखं," हे म्हणाले. बाई हसल्या आणि फुग्यावर काट मारली.

दुसरा पट्टा. जठराच्या वरच्या भागाला कडं घालायचं, ते पाहिजे तेव्हा आवळता येतं, सैल करता येतं.

"व्हॉल्व्ह!" यांचे डोळे लखलखले. "कुठल्या कंपनीचा बसवता?"

"हल्ली फारसा बसवत नाही, काका. पुढे सरकतो, त्रास देतो, मग काढावा लागतो."

"मग कंपनी बदला," हे म्हणाले. मी पदर तोंडाला लावला.

तिसरं स्लीव्ह. जठराचा तीन-चतुर्थांश भाग कापून बाहेर काढायचा, राहते ती केळ्याएवढी नळी. आणि चौथं बायपास. त्यात वर एक छोटीशी पिशवी ठेवायची, खालचं आतडं वर आणून तिला जोडायचं, जुनं जठर तसंच बाजूला राहतं आणि त्याचा रस खाली आतड्यात जाऊन मिळतो.

"जोड किती?" यांनी विचारलं.

"दोन."

यांचा चेहरा पडला. बाईंच्या हातातलं पेन घेऊन त्यांनी दोन्ही जोडांभोवती गोल काढले, आणि ते गोल इतके गिरवले की कागद फाटायला आला. "स्लीव्हच करा," म्हणाले. "टाकी काढायची, सरळ पाइप ठेवायचा. जोड नाही तर कटकट नाही."

"तिथेही लांब शिवण असते, काका. तीही गळू शकते."

"शिवण वेगळी. जोड वेगळा."

बाईंनी वाद घातला नाही. म्हणाल्या, दोन्ही ऑपरेशनं चांगली, कोणाला कुठलं हे माणसावर ठरतं. मग हातातला फॉर्म पुढे ओढून एकेक विचारायला लागल्या. "छातीत जळजळ? आंबट पाणी वर येतं? झोपताना उशा जास्त लागतात का?"

"छे छे!" आमचे हे म्हणाले. "पडलो की झोपलो."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. एकशे अडतीस किलोचा माणूस पाय दाबतो तेव्हा बोलायचं असलं तरी आवाज फुटत नाही.

"हे नीट सांगा हं," बाई म्हणाल्या. "जळजळ असलेल्या माणसाला स्लीव्ह केलं तर ती बरेचदा वाढते. मग जन्मभराचा त्रास. तसं असेल तर बायपास बरं."

"नाही म्हणजे नाही," हे म्हणाले. बाईंनी फॉर्मवर तशी खूण केली आणि पुढची तारीख दिली, आधी घशातून दुर्बीण घालून बघायची म्हणून.

आता मला सांगा, हे कोण बोलत होतं? सव्वीस वर्षं जो माणूस प्रत्येक घरात शिरताना पहिला प्रश्न विचारतो, "यात काय टाकलंत?" आणि सव्वीस वर्षं प्रत्येक घरातून एकच उत्तर येतं, "काही नाही हो." मग हे खाली वर्तमानपत्र पसरतात, सिंकखालचा ट्रॅप उघडतात आणि निघेल ते ओळीने मांडतात. भाताची शितं, केसांचा बोळा, बाटलीचं झाकण, एकदा तर अर्धी कवळी. मग गिऱ्हाईक मान खाली घालून म्हणतं, "कधीतरी हो. थोडंसंच." आणि मग यांचं भाषण. काय लपवलंत ते आधी सांगितलं असतं तर अर्ध्या वेळात काम झालं असतं, डॉक्टरपुढे आणि प्लंबरपुढे लाजू नये, वगैरे वगैरे. मला ते भाषण तोंडपाठ आहे.

घरी येऊन मी भांडले. चांगलीच भांडले. "जन्मभर खुर्चीत बसायचंय का? ती बाई काय म्हणाली ऐकलंत ना?"

"दुर्बिणीत काही दिसणार नाही," हे म्हणाले. "बघशील तू."

आणि मग यांनी काय करावं? दुर्बिणीच्या आधी चार दिवस नुसतं थंड दूध आणि पाव. तळलेलं बंद, तिखट बंद, चहा बंद. ज्या माणसाने बिस्किटाचा पुडा अर्धा ठेवलेला मी कधी बघितला नाही, तो माणूस चमच्याने दूध पीत होता. मला वाटलं, सुधारले! मी लेकीला फोन करून सांगितलंसुद्धा. मग हत्यारांच्या पिशवीत पाना शोधताना मला अॅसिडिटीच्या औषधाच्या तीन बाटल्या सापडल्या, गुलाबी, दोन रिकाम्या, तिसरी अर्धी. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्लंबर येणार म्हणून बायका सकाळी सिंकमध्ये दोन पातेली उकळतं पाणी ओततात, पाइप स्वच्छ दिसावा म्हणून. अगदी तेच! ज्या गोष्टीवर हे घराघरात हसतात, तीच करत होते. रागावू की हसू ते मला कळेना. बाटल्या मी होत्या तिथे ठेवल्या.

दुर्बीण झाली. घसा बधिर, डोळे लाल, असे हे बाईंसमोर बसले. बाईंनी पडद्यावर चित्र लावलं. अन्ननळीचं खालचं टोक लालभडक, सोललेलं, मध्ये पांढरे चट्टे. मला काही कळत नाही त्यातलं, पण तेवढं कळलं.

"काका," बाई शांतपणे म्हणाल्या, "किती दिवस बसून झोपताय?"

यांनी मान खाली घातली आणि बारीक आवाजात म्हणाले, "कधीतरी हो. थोडंसंच."

मला हसू फुटलं. आवरेचना! डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते नुसतं हसण्याचं नव्हतं. "दोन वर्षं चार महिने," मी म्हणाले. "रोज. आणि दुर्बिणीच्या आधी अडीच बाटल्या प्यायलेत ते गुलाबी औषध." टेबलाखालून पाय दाबायला ते पुढे आले, पण या वेळी मी पाय खुर्चीवर घेऊन बसले होते.

"स्लीव्ह तुम्हाला नाही करणार मी," बाई म्हणाल्या. "करायचं तर बायपास. नाहीतर करू नका, वजनाचं दुसऱ्या रस्त्याने बघू. घरी जा, विचार करा."

बाहेर बाकावर हे बसले. मी तोंड उघडणार होते, पण त्यांचे हात बघितले आणि थांबले. दोन्ही तळवे समोर उघडून हे त्यांच्याकडेच बघत होते.

"तुला तो वरच्या मजल्यावरचा जोड आठवतो?" ते म्हणाले.

आठवतो. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी एका घरात यांनी पाण्याची लाइन जोडली, जेवायची घाई म्हणून न थांबता निघून आले. दुपारी जोड सुटला. खालच्या घरात एक म्हातारे गृहस्थ शिकवणी घ्यायचे, त्यांची चाळीस वर्षांची पुस्तकं भिजून चिंब झाली. ते गृहस्थ ओरडले नाहीत. एकेक पान वेगळं करून दोरीवर वाळत घालत राहिले. तेव्हापासून यांचा नेम आहे. कुठलाही जोड दिला की खाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा ठेवायचा, पाणी सोडायचं आणि पंधरा मिनिटं तिथेच बसायचं. गिऱ्हाईक घाई करो, बाहेर कोणी बोलावो, उठायचं नाही. कागद कोरडा राहिला तर पिशवी उचलायची.

"माझे हात चांगले आहेत," हे म्हणाले. "लोक नाव घेतात. तरी सुटला ना? त्या बाईचे हातही चांगले आहेत. पण तिलाही कधी भूक लागत असेल. मला भीती वाटते गं. बाकीच्यांना जोड म्हणजे काय ते माहीत नाही म्हणून ते बिनधास्त आडवे होतात. मला माहीत आहे."

इतक्या वर्षांच्या संसारात "भीती" हा शब्द मी यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मी म्हणाले, "मग तुम्ही गिऱ्हाइकासारखे का वागताय? गिऱ्हाईक घाबरतं तेव्हा तुम्हाला काय विचारतं? तेच विचारा जाऊन."

हे उठले. दार लोटून सरळ आत गेले, मी मागोमाग. "बाई, जोड दिल्यावर तुम्ही टेस्टिंग करता का?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "करतो ना. टाके झाले की आतून निळं पाणी सोडतो आणि बाहेरून बघतो, कुठे निळं दिसतंय का."

हे टेबलावर रेलले. "दाब देऊन?"

"दाब देऊन."

"किती वेळ बघता?"

"दोन-तीन मिनिटं."

"मी पंधरा मिनिटं बघतो," हे म्हणाले, आणि कागदाचं, पुस्तकांचं सगळं सांगून टाकलं. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, बेशुद्ध माणसाला उगाच ताटकळत ठेवणं बरं नाही. तीन मिनिटांत कळतं. आणि तरीसुद्धा शंभरात एखादा जोड नंतर त्रास देतो, ते मी लपवणार नाही. म्हणूनच पुढे तीन दिवस तुम्हाला नजरेखाली ठेवणार."

मला वाटलं, झालं, आता हे उठून घरी चालू लागणार. पण यांचा चेहरा सैल झाला होता. "जो प्लंबर सांगतो ना की गळणारच नाही, त्याला घरात घेऊ नये," हे मला बसमध्ये म्हणाले. "करूया बायपास."

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे पातळ पदार्थांवर काढायचे होते. त्या दोन आठवड्यांबद्दल मी फार बोलत नाही. एवढंच सांगते की एका दुपारी हे बंद फ्रिजसमोर स्टूल टाकून बसले होते, आणि काय करताय विचारलं तर म्हणाले, "निरोप घेतोय."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आत नेताना यांनी मला काही गोड बोलावं अशी माझी अपेक्षा नव्हतीच. म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा फ्लश बघून ये, तुला जमेल. नळाचं डावं लक्षात ठेव." दार लागलं. मग मी आणि लेक बसलो. लेकीने माझा हात धरला होता. मी मनातल्या मनात देवाला म्हणाले, घोरू दे त्यांना, कितीही घोरू दे, मी एक अक्षर बोलणार नाही.

अडीच तासांनी सर्जनबाई बाहेर आल्या. टोपी काढली, घाम पुसला. "छान झालं," म्हणाल्या. मग जायला वळल्या आणि थांबल्या. "काकांना एक निरोप द्या. तीन मिनिटं बघितलं, काहीच नव्हतं. मग बाकीचं आवरत असताना पुन्हा एकदा बघितलं. पहिल्यापासून धरलं तर पंधरा झाली. कागद कोरडा होता म्हणावं."

माझा जीव भांड्यात पडला. आणि मग मी तिथेच, सगळ्यांसमोर, लहान मुलीसारखी रडले.

चार महिन्यांत चौतीस किलो गेले. वाटीभर जेवण, रोजच्या गोळ्या, आणि जेवताना घास बत्तीस वेळा चावायचा म्हणून आमचं जेवण आता एखाद्या समारंभाएवढं चालतं. कपडे अंगावर असे लोंबायला लागले की लेक म्हणाली, बाबा, आत अजून एक माणूस भाड्याने ठेवा. हेडमास्तरीणबाईंच्या ओट्याखाली हे स्वतः गेले आणि स्वतः बाहेर आले. बाईंनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

पण खुर्ची काही सुटेना! जळजळ गेली, औषध बंद झालं, डॉक्टरांनी सांगितलं आता खुशाल आडवे व्हा, तरी हे तीन उशा घेऊन तिथेच. "जोड अजून नवीन आहे," म्हणायचे. "जरा बसू दे." मी डोक्याला हात लावला. पोट गेलं, खुर्ची राहिली.

आमच्या स्वतःच्या सिंकखाली तीन वर्षं एक वाडगा ठेवलेला होता. गळती. प्लंबरच्या घरी, हो! मी सांगून सांगून थकले होते. गेल्या रविवारी दुपारी जेवणं झाली आणि हे काही न बोलता पिशवी घेऊन आले. वाडगा बाजूला केला आणि पाठीवर उताणे होऊन आत सरकले. मी भांडी विसळायची थांबले. उताणे! दोन वर्षं आठ महिन्यांत घरात मी त्यांना उताणं बघितलं नव्हतं.

"येतंय का वर?" मी घाबरून विचारलं.

"काय?"

"आंबट."

आतून आवाज आला, "नाही. पाना दे."

काम दहा मिनिटांचं होतं. तीन वर्षं मी दहा मिनिटांसाठी वाडगा उपसत होते, पण त्या दिवशी मी भांडले नाही. मी वर्तमानपत्राचा तुकडा फाडून दिला, त्यांनी तो जोडाखाली ठेवला, मी नळ सोडला. "बस आता पंधरा मिनिटं," ते म्हणाले. मी ओट्याला टेकून फरशीवर बसले. ते तसेच पडून राहिले, डोकं आत, पाय बाहेर. या वेळी मोजे धड होते.

चौथ्या-पाचव्या मिनिटाला घोरणं सुरू झालं. पहिल्यांदा बारीक, मग पूर्वीसारखं, भांडी थरथरतील असं. सपाट फरशीवर, उशीसुद्धा नाही, तोंड उघडं. ठसका नाही, धडपड नाही.

पंधराची चाळीस मिनिटं झाली. मी वाकून पाहिलं, कागद कोरडा होता. मी नळ बंद केला, हॉलमध्ये गेले आणि खुर्चीवरच्या तिन्ही उशा उचलल्या. दोन माळ्यावर टाकल्या. एक आत नेली आणि पलंगावर माझ्या उशीच्या शेजारी ठेवली.